एक घर, चार खोल्या, चार जमिनी: ओलरोधक थर निवडण्याचं एक प्रकरण

रत्नागिरी तालुक्यातलं एक गाव, डोंगराच्या उतारावरचं घर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती मातीत रचलेल्या, त्यावर पुढे कधीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे कोठीची खोली, तिच्या दारातून बाहेर पडलं की परसू. बाजूला दहाएक वर्षांपूर्वी वाढवलेली पक्की झोपायची खोली. ठाण्याहून निवृत्त होऊन आलेलं जोडपं इथे कायमचं राहू लागलं. काकूंच्या गुडघ्यांना थंड जमीन सोसेना म्हणून त्यांनी मार्चमध्ये माजघरात लाकडी लॅमिनेट बसवून घेतलं आणि बाजूच्या खोलीत विनाइलचे तक्ते चिकटवून घेतले.

गणपतीपर्यंत माजघरातल्या पट्ट्यांच्या कडा उचलल्या होत्या. सांध्यावरून बोट फिरवलं की कंगोरा लागायचा. मागच्या भिंतीलगतच्या दोन रांगा पाय पडला की दबायच्या, उचलला की वर यायच्या. बाजूच्या खोलीत विनाइलच्या फटींतून तपकिरी चिकटा वर येऊन पायाला लागत होता.

काकांनी फोन केला तो एकाच प्रश्नासाठी. "हे सगळं काढून नवं घालतोय. खाली कुठलं प्लास्टिक घालू ते फक्त सांगा. चांगल्यातलं चांगलं."

असा प्रश्न मला दर पावसाळ्यानंतर येतो, आणि विचारणाऱ्याला ओल कुठून येते ते बहुधा ठाऊक नसतं. प्लास्टिक हा यातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात स्वस्त निर्णय आहे. या घरात चार खोल्यांचा निकाल चार तऱ्हांनी लागला आणि त्यातल्या दोन खोल्यांत ओलरोधक थर घातलाच नाही.

पट्ट्यांखाली काय निघालं

लॅमिनेटची पट्टी वरून कितीही कणखर दिसली तरी तिचा गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेला असतो. वरचा चेहरा पाण्याला दाद देत नाही, पण कडेनं आणि पाठीनं गाभा ओल पितो आणि फुगतो. एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्वीसारखा बसत नाही. त्यामुळे माजघरातला माल वाचवायचा प्रश्नच नव्हता.

पट्ट्या उचलल्या. खाली पांढरा फोम, आणि फोमखाली चक्क मल्चिंग पेपर, कलिंगडाच्या वाफ्यांवर अंथरतात तो, वरून चंदेरी आणि खालून काळा. बसवणाऱ्यानं जवळच्या शेतकी दुकानातून आणला असणार. हा कागद साधारण 25 ते 30 मायक्रॉन जाडीचा असतो. जमिनीतली ओल उडून जाऊ न देणं हेच त्याचं काम, त्यामुळे कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. पण एक हंगाम टिकण्यापुरताच त्याचा जीव. इथे तो ठिकठिकाणी खडबडीत कोब्यावर घासून फाटला होता, दोन पट्ट्यांचे सांधे नुसते एकावर एक ठेवले होते, टेप नाही, आणि भिंतीपाशी तो बोटभर आधीच संपला होता. त्याच्याखालचा कोबा काळा पडला होता आणि कुबट वास खोलीभर आला. जिथे कागद संपला तिथेच पट्ट्या सगळ्यात जास्त फुगल्या होत्या.

काकांचा राग बसवणाऱ्यावर होता. तो रास्तही होता, पण 30 मायक्रॉनच्या जागी 300 मायक्रॉन घातला असता तरी या खोलीत गोष्ट एखाद-दोन पावसाळे लांबली असती इतकंच.

ओल येते कुठून

जमिनीवर दिसणारं पाणी तीन वाटांनी येतं: खालून मातीतून चढतं, वरून हवेतून बसतं, नाहीतर बाजूनं भिंतीतून किंवा नळातून झिरपतं. नव्या बांधकामात चौथी वाट असते, खुद्द काँक्रीटमध्ये उरलेलं पाणी. थर निवडायचा तर आधी वाट कळली पाहिजे, कारण खालून येणाऱ्या ओलीवरचा उपाय वरून येणाऱ्या ओलीला काडीचा उपयोगी पडत नाही.

पहिली उपयोगी माहिती काकूंकडून मिळाली. ओटीवर विट्रिफाइड टाइल्स आहेत. त्यांना मृगाच्या तोंडावर घाम फुटतो, पुसलं तरी तासाभरात पुन्हा येतो. एकदा पाऊस धरला आणि हवा गार झाली की थांबतो. माजघराचं उलट. जूनमध्ये तिथे काही नाही. आषाढ सरत येतो तेव्हा मागच्या भिंतीकडून सुरू होतं आणि नवरात्र उलटेपर्यंत हटत नाही.

ओटीचा घाम हवेचा. हवा 30 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर तिचा दवबिंदू सुमारे 27 अंश येतो. जमिनीला टेकलेली टाइल रात्रभरात त्याच्या खाली उतरलेली असली की सकाळी दार उघडताच बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी सोडते. यात जमिनीचा दोष नाही आणि टाइलखाली जगातलं कुठलंही प्लास्टिक घातलं तरी घाम येणारच. माजघराची ओल मात्र पाऊस जमिनीत मुरल्यावर येत होती आणि जमीन निचरली की जात होती.

तरी अंदाजावर काम करायचं नव्हतं. सुमारे दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे उघड्या कोब्यावर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले. ही चाचणी कुणालाही घरी करता येते. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकात किमान 16 तास सांगितलेत, मी पूर्ण दिवस ठेवतो. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब जमले किंवा खालचा कोबा गडद झाला तर ओल खालून आहे. थेंब वरच्या अंगाला असतील तर हवेतून. एक पथ्य पाळायचं: तुकडा कोरडा निघाला म्हणून जमीन कोरडी असं समजू नये. दिवसभरात वर न आलेली वाफ महिन्यांत येते. ही चाचणी "ओल आहे" एवढं खात्रीनं सांगते, "नाही" हे सांगत नाही.

माजघरात आणि कोठीत आतून थेंब आले. बाजूच्या खोलीत थेंब नव्हते, पण कोबा गडद झाला होता. म्हणून पुण्याहून आर्द्रतामापक मागवला. काँक्रीटला भोक पाडून त्यात नळी बसवायची, तोंड बंद करायचं, एक दिवस थांबायचं आणि आतली सापेक्ष आर्द्रता वाचायची, अशी ही पद्धत. भोक किती खोल घ्यायचं ते ठरलेलं आहे: काँक्रीट फक्त वरूनच वाळत असेल तर जाडीच्या 40 टक्के. 4 इंची थराला दीड इंचाहून किंचित जास्त. पृष्ठभागावर टेकवायच्या मीटरवर मी विसंबत नाही, कारण वरचा पापुद्रा पंख्यानंही वाळतो आणि कोकणातल्या वाळूत क्षार असले की आकडे भरकटतात.

माजघरात मागच्या भिंतीलगत आकडा नव्वदीच्या वर, ओटीकडे ऐंशीच्या आसपास. लाकडी फ्लोअरिंगवाले बहुतेक 75 टक्क्यांच्या जवळपासची मर्यादा घालतात, नेमकी किती ते त्या मालाच्या पत्रकावर असतं. बाजूच्या खोलीत ऐंशीच्या वर, पण चारही कोपऱ्यांत जवळजवळ सारखं. हा फरक महत्त्वाचा. एका बाजूला चढता आकडा म्हणजे कुठून तरी पाणी येतंय. सगळीकडे सारखा म्हणजे मातीची वाफ संथपणे वर चढतेय.

परसात

लेव्हलची पाण्याची नळी घेऊन मागे गेलो. पुढच्या बाजूला जोतं दोन फूट उंच, पाहणाऱ्याला वाटावं ओलीचा प्रश्नच नाही. मागे मात्र वर्षानुवर्षं उतारावरची माती घसरून, पालापाचोळा कुजून आणि काकांच्याच केळीच्या आळ्यांनी परसू इतकं भरलं होतं की बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वीतभर वर होती. आजूबाजूच्या जमिनीपासून जोतं किमान 450 मिलिमीटर वर असावं असा साधा बांधकाम नियम आहे. इथे पुढे तो भरपूर पाळला होता आणि मागे उलटा झाला होता. भरीला कौलांच्या पागोळ्या थेट भिंतीच्या बुडाशी पडत होत्या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढं पाणी उतारावरून येऊन या भिंतीला टेकून बसत होतं.

गावचा गवंडी बरोबर होता. तो म्हणाला, "साहेब, हितं पयलं गटार होतं. आमच्या आज्यानं बांधलेलं." खणलं तर खरंच दीड फुटावर दगडी बांधीव गटार निघालं, मातीनं बुजलेलं.

कुठलाही थर घालण्याआधी ते मोकळं केलं. माती कापून आतल्या जमिनीच्या दीड फूट खाली नेली, घरापासून दूर ढाळ दिला, गटार बाजूच्या वहाळाला जोडलं आणि कौलांना पन्हळ लावली. केळी हलवताना काकांचा जीव वरखाली झाला, पण हलवल्या. या सगळ्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त फळ या मजुरीनं दिलं असं माझं मत आहे, आणि याची जाहिरात कुठल्याच कंपनीच्या पत्रकावर नसते.

दुकानात काय काय मिळतं

तोवर काकांनी शहरातल्या दुकानांतून माहिती जमवली होती. प्रत्येकानं वेगळा डबा सांगितलेला.

एकानं दोन भागांचं पॉलिमर-सिमेंटचं लेपन सुचवलं. बाथरूमला, गच्चीला हे छान. पण ते वाहतं पाणी अडवतं, वाफ जाऊ देतं, आणि डब्यावर "श्वास घेणारं" असं कौतुकानं लिहिलेलंही असतं. भिंतीसाठी तो गुण आहे. लॅमिनेटखाली तोच दोष, कारण लॅमिनेटला मारते ती वाफ. दुसऱ्यानं काँक्रीटमध्ये मिसळायचं वॉटरप्रूफिंग द्रव दिलं. त्याला आयएस 2645 हे भारतीय मानक आहे, त्यानं काँक्रीट कमी झिरपतं, पण वाफेला ते अडवून धरत नाही. जलरोधक म्हणजे वाफरोधक नव्हे, ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत आणि विकत घेणारे विचारत नाहीत.

डांबराचा थर हा जुना आणि स्वस्त उपाय. वाळलेल्या पृष्ठभागावर तो खरोखर चालतो. ओल्या कोब्यावर तो धरत नाही, आणि त्यावर विनाइल घालायचं असेल तर डांबरातलं तेल विनाइलमध्ये उतरून पिवळे-तपकिरी डाग पडतात.

फोमला मागून फिल्म चिकटवलेलं अंडरले लॅमिनेटवाले स्वतःच विकतात. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला ते पुरतं. खालून सतत पाणी येणाऱ्या कोब्यावर ते घातलं तर कोबा त्याच्याखाली पूर्ण भिजतो आणि ओल कडांनी वाट काढते. मल्चिंग पेपरचं झालं तेच, थोडं सावकाश.

उठावाच्या टिकल्या असलेली एचडीपीई या टणक प्लास्टिकची जाड शीट मला मोहात पाडत होती. तिच्याखाली हवेची पोकळी राहते, स्कर्टिंगपाशी फट ठेवली तर ओल त्या वाटेनं निघून जाते, आणि जुना कोबा फोडावा लागत नाही. उंची वाढते, दारं तासावी लागतात, पण ते सोसण्यासारखं होतं. आड आला तो खुद्द कोबा. मागच्या बाजूला तो इंचभर खचला होता आणि खिळ्यानं ओरखडा काढला की पीठ निघत होतं.

राहिलं इपॉक्सी, दोन भाग मिसळून घट्ट होणारा राळेचा लेप. त्याच्याकडे बाजूच्या खोलीत वळतो.

माजघर: फोडून, खालून

खचलेला कोबा एका कोपऱ्यात फोडून पाहिला. तीन इंचांचं दुबळं काँक्रीट, त्याच्याखाली थेट लाल माती, सोलिंग म्हणजे दगडांचा थर नाही, प्लास्टिक नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवरच तो ओतला होता.

इथे थोडं विषयांतर. "पूर्वी शेणाची जमीन होती तेव्हा ओल नव्हती" असं काकू म्हणत होत्या, आणि काकांना ते जुन्याचं कौतुक वाटत होतं. काकूंचं खरं होतं. चोपलेल्या, सारवलेल्या जमिनीतून वाफ अख्ख्या खोलीभर हळूहळू उडून जाते, चुलीची ऊब आणि कौलांतली हवा तिला घेऊन जाते. ओल तेव्हाही येत होती, ती साचत नव्हती. त्यावर कोबा आला, टाइल आली, शेवटी प्लास्टिक आलं, आणि दर खेपेला निघून जायची वाट थोडी थोडी बंद झाली. ओढ्यात धोंडा टाकला की पाणी बाजूनं जातं तशी ही ओल मग भिंतीत शिरली. माजघराच्या भिंतींचा गिलावा फूटभर उंचीपर्यंत पोपडे धरून होता त्याचं कारण हेच.

म्हणून माजघरात थर घालायचा तर भिंतीचा विचार करूनच घालायचा होता. दिवाळीनंतर काम काढलं. कोबा आणि वीतभर माती काढली, वाळवीचं औषध मारलं. त्यावर काळ्या दगडाचं सोलिंग आणि चुरा चाळून काढलेली मोठी खडी. चुरा काढायलाच हवा. बारीक कणांतून पाणी वातीसारखं वर चढतं, मोठ्या पोकळ्यांत ते चढू शकत नाही. खडीवर वाळूचा पातळ थर, टोकं झाकण्यापुरता. मग प्लास्टिक.

प्लास्टिकचं सांगतो, कारण प्रश्न तिथून सुरू झाला होता. हवं होतं 250 मायक्रॉन. दुकानात मायक्रॉन म्हटलं तर कुणी बघत नाही, तिथे गेज चालतो: 1000 गेज म्हणजे 250 मायक्रॉन. पण गुंडाळीवर छापलेल्या गेजवर विश्वास ठेवू नये. एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा कापून दुकानदाराच्याच काट्यावर ठेवावा. 250 मायक्रॉनचा पॉलिथीनचा चौरस मीटर सुमारे 230 ग्रॅम भरतो. पहिल्या दुकानातला "हजार गेज" दीडशेच्याही खाली भरला. दुकानदार म्हणाला, "सगळे हाच नेतात." दुसऱ्या दुकानातला वजनाला बरोबर होता, पण पुनर्वापराच्या मालाचा काळा, उन्हात धरला तर सुईच्या अग्राएवढे उजेडाचे ठिपके दिसले. तिसऱ्या ठिकाणी नव्या दाण्याचा मिळाला. तिन्हीच्या किमतीतला फरक माजघराच्या आकाराला हिशेबात धरण्याएवढाही नव्हता.

अंथरताना सांध्याला 150 मिलिमीटर चढ आणि वरून रुंद टेप. भिंतीपाशी कापायचं नाही, काँक्रीटच्या पूर्ण जाडीएवढं वर वळवायचं. इथे गवंड्याशी वाद झाला. प्लास्टिक फाटू नये म्हणून त्याला त्यावर दोन इंच वाळू घालायची होती, "सगळीकडे तसंच करतात" म्हणून. करतात खरं. पण प्लास्टिकवरची वाळू काँक्रीटचं पाणी पिऊन बसते, आणि तिला खाली जायला वाट नसल्यानं ते पाणी महिनोन् महिने वर येत राहतं. वाळू प्लास्टिकच्या खाली हवी, वर काँक्रीट थेट. फाटण्याची भीती मात्र त्याची खरी होती. घमेली टाकायला फळ्या मांडल्या, कामगारांना चपला काढायला लावल्या, आणि ओतण्याआधी दार लावून खोली अंधारी करून बॅटरी शीटला समांतर धरून फिरवली. फावड्याच्या कोपऱ्यानं पडलेल्या चिरा अशा उजेडात लगेच दिसतात. प्रत्येकीवर तळहाताएवढा तुकडा आणि टेप.

काँक्रीट एम 20 प्रतीचं, 4 इंच. भिंतींचा सिमेंटचा गिलावा आतून तीन फुटांपर्यंत खरवडून चुन्याचा घातला आणि वर प्लास्टिकचा रंग लावायचा नाही हे कबूल करून घेतलं. जमिनीनं अडवलेली ओल भिंतीत गेली तर तिला तिथून तरी उडता आलं पाहिजे. काकूंना गुळगुळीत भिंत हवी होती. चुन्याची सफेदी बघून त्या नाराज होत्या, अजूनही थोड्या आहेत.

वाट पाहणं

मुलगी मे महिन्यात परदेशातून येणार होती, तोवर लॅमिनेट बसवायचं असा काकांचा बेत. काँक्रीट कोरड्या हवेत इंचाला महिना या अंदाजानं वाळतं असा ठोकताळा आहे, म्हणजे 4 इंचाला चार महिने. तेवढे मिळतही होते. पण खाली प्लास्टिक घातल्यावर काँक्रीट फक्त वरच्या अंगानं वाळतं, आणि कोकणातली हवा मार्चनंतर कोरडी म्हणावी अशी राहत नाही. एप्रिलअखेर आकडा ऐंशीवर अडला होता. काका म्हणाले, "एवढं केलं तरी ओल हाय ती हायच!" ही ओल जमिनीची नव्हती, आम्हीच ओतलेल्या काँक्रीटची होती. पण लॅमिनेटला त्यानं काय फरक पडतो.

मी एक पूर्ण पावसाळा उघड्या जमिनीवर काढायला सांगितलं. परसातलं गटार खरंच काम करतंय का हे दुसऱ्या कुठल्या रीतीनं कळणार नव्हतं. मुलगी सतरंजीवर राहून गेली. गणपतीही त्या वर्षी सिमेंटच्या जमिनीवर बसले. भाद्रपदात मागच्या भिंतीलगत लावलेला प्लास्टिकचा तुकडा आतून कोरडा निघाला. दिवाळीनंतर महिन्याभरात आकडा सत्तरीच्या आत आला, तेव्हा माल आणून दोन दिवस खोलीत पसरून ठेवला, भिंतीपासून चहूबाजूंनी 10 मिलिमीटर फट सोडली आणि बसवला. खाली साधा फोम. दुसरी फिल्म घातली नाही, गरज नव्हती.

बाजूची खोली: वरून

इथला कोबा चांगला होता, टणक, सपाट, खिळ्याला दाद न देणारा. फक्त खाली प्लास्टिक नव्हतं. वाफ वर येत होती आणि विनाइल तिला अडवत होतं. अडलेल्या ओलीबरोबर सिमेंटमधले अल्कधर्मी क्षार वर येतात, आणि पाण्यात मिसळणारे गोंद त्यात विरघळून लगदा होतात. फटींतून येणारा तपकिरी चिकटा तोच.

चांगला कोबा फोडण्यात अर्थ नव्हता. इथे ओलरोधक इपॉक्सी घेतलं, दोन भागांचं, पाणी किंवा थिनर न घालता वापरायचं. जमीन रंगवायचं इपॉक्सी वेगळं आणि हे वेगळं. ओल्या काँक्रीटवर रंगाचं इपॉक्सी फोड धरून सुटतं. पत्रकावर किती आर्द्रतेपर्यंत चालेल ते आकड्यात लिहिलंय का ते पाहायचं, नसेल तर तो डबा ठेवून द्यायचा.

यातलं नव्वद टक्के काम तयारीचं. जुना गोंद आणि वरचा गुळगुळीत पापुद्रा हिऱ्याच्या चकतीनं घासून काढला, भेगा भरल्या, व्हॅक्यूमनं धूळ काढली. घरभर पांढरी भुकटी झाली, काकू दोन दिवस शेजारी जाऊन राहिल्या. मिसळलेलं इपॉक्सी उन्हाळ्यात बादलीत ठेवलं तर बघता बघता तापून घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं मिसळून लगेच जमिनीवर ओतायचं. दोन थर, दुसरा पहिल्याला काटकोनात, आणि ओल्यातच वर बारीक वाळू शिंपडायची म्हणजे पुढचा गोंद धरतो. चौरस फुटामागे हा सगळ्यात महाग उपाय होता. पण फोडून पुन्हा ओतण्याचा खर्च आणि वर्षभराची वाट धरली तर या खोलीत तोच परवडला.

ओटी आणि कोठी

ओटीवर काहीच केलं नाही. मृगाच्या दिवसांत सकाळी दार उघडं टाकण्याऐवजी पंखा चालू ठेवायचा, एवढंच. काकांना हे फारच कमी वाटलं.

कोठीच्या खोलीवर मात्र त्यांचा माझ्याशी बराच वाद झाला. घरातली सगळ्यात ओली खोली, तर तिलाच सगळ्यात भक्कम थर नको का? माझं म्हणणं असं की या खोलीच्या तिन्ही भिंती मातीत बांधलेल्या, बुडाला ओलरोधक पट्टा नाही, आणि डोंगर तिलाच टेकलेला. जमीन पक्की बंद केली तर सगळी ओल भिंतींवर चढेल, आणि मातीच्या जोडाला तीच जास्त घातक. शिवाय या भिंतींच्या गिलाव्यात खाडीची वाळू होती; सांध्यांत पांढरं मीठ फुटलेलं दिसत होतं. मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की आपणहून पाणी ओढून घेतं, म्हणजे जमीन कोरडी केली तरी या भिंती श्रावणात ओलसर दिसणारच. तिथे ना गालिचा घालायचा होता, ना लाकूड. नारळ, भाताची पिंपं, उखळ. खडीच्या थरावर घडीव शहाबादी फरशी चुन्याच्या सांध्यांत बसवली आणि पिंपं लाकडी पाटांवर चढवली. फरशी पावसात गडद होते, थंडीत पुन्हा फिकट.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर

माजघरातल्या पट्ट्या सपाट आहेत, एक जागा सोडून. माजघर आणि कोठी यांच्यातल्या दारात प्लास्टिक कुठेतरी संपवणं भाग होतं. आम्ही ते उंबऱ्याच्या रेषेत वर वळवलं होतं, पण लॅमिनेटच्या शेवटच्या दोन पट्ट्या दिसायला बरं म्हणून उंबरा ओलांडून चार बोटं पुढे, शहाबादीवर गेल्या होत्या. सुताराची हौस, आणि काकांनाही आवडलं होतं. त्या चार बोटांत कोठीची ओल लागून कडा फुगल्या.

त्या दोन पट्ट्या प्लास्टिकच्या रेषेच्या आत कापून घेतल्या आणि दारात कडप्प्याचा उंबरा बसवला, खाली पॉलिमर-सिमेंटचं लेपन देऊन. मागच्या भिंतीवरचा चुना बुडाशी अजून वीतभर ओलसर दिसतो, पण पोपडे धरत नाही. पन्हळीचं एक टोक वाऱ्यानं सुटलंय, ते मृगाच्या आत बांधून घ्यायला सांगितलंय.